मोटारसायकलचें इंजिन : उकलणें आणि जुळविणें

बुलढाण्याच्या शेजारच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथें शिस्तीनें जुळलेलें इंजिन खामगांव-मेहकरकडील अंगणांत उकलावयाचें, तर तीच शिस्त हवी.

पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोंचते. सबब काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि इंजिन थंड झाल्यावरच करावें. प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करावा, प्लगची तार काढावी, ऑइल काढून घ्यावें.

खरें कौशल्य क्रम राखण्यांत आहे. काढलेले भाग ताटांत क्रमानें मांडावेत. हेडचे नट तिरपे समोरासमोर, थोडेथोडे सैल करावेत; नाहीं तर हेड वांकतें. जोडतांना गॅस्केट नवें घालावें व नट पुस्तिकेंतील मापानेंच, टॉर्क पान्यानें आंवळावेत.

फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँकच्या दोन फेऱ्यांस कॅमची एकच फेरी होते. साखळीचा एक दांत चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळीं उघडतात. चूक मोठी असल्यास ते पिस्टनवर आदळूं शकतात. म्हणून खुणा जुळवाव्या आणि किक मारण्यापूर्वीं, प्लग काढलेला ठेवून, क्रँक हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठें अडल्यास जोर करूं नये, पुन्हा उघडावें. उघडण्यांत एक संध्याकाळ जाते. जोर करण्यांत इंजिन जातें.