आजींची चप्पल निसटते तेव्हा

चंपाषष्ठीला आमच्या ओझरच्या खंडेरायाच्या यात्रेहून परतताना एक आजी अंधारात पडल्या. वय ७२, माळकरी, अंड्यालाही कधी शिवलेल्या नाहीत. हाड मोडले नव्हते. मी मलम-गोळ्या देऊन घरी पाठवले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, वय झालं आता आईचं." मलाही ते पटले, आणि इथेच मी चुकलो.

महिन्याभराने सूनबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. "चप्पल पायातून निसटली तरी आत्याबाईंना कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. अन् देवाजवळ दिवा लावला का, हे चारचारदा विचारतात."

दुसऱ्या दिवशी आजींना पाय जुळवून, डोळे मिटून उभे केले, तर त्या कोलमडल्याच. मी धरले म्हणून बरे. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी.

हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी यांत असते. शाकाहाऱ्यांना ते दूधदुभत्यातूनच काय ते मिळते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट लवकर ध्यानात येत नाही. उतारवयात जठरातले आम्लही घटते आणि अन्नातले बी-१२ नीट सुटे होत नाही. त्यातून आजी मधुमेहासाठी नऊ वर्षे मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज एक गोळी घेत होत्या. दोन्हींमुळे शोषण आणखी कमी होते. (म्हणून मधुमेहाची गोळी कोणी परस्पर बंद करू नये!) पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ते कमी निघाले होते.

वाचकहो, अशक्तपणा आहे म्हणून दुकानातून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणू नका. त्यांनी रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

आजींना इंजेक्शने सुरू केली. तीन महिन्यांत त्या भिंतीचा आधार सोडून चालू लागल्या, दिव्याचा प्रश्नही थांबला. तळपायांची बधिरता मात्र पुरती गेली नाही. यात्रेनंतर लगेच डोळे मिटायला सांगितले असते, तर ती कदाचित इतकी उरली नसती. परवा आल्या तेव्हा पायात मागे पट्टा असलेली नवी सँडल होती. सूनबाईंनी आणलेली.