संकेतस्थळामागील सर्व्हरची निगा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, आरोग्य शिबिरे व देणग्या यांच्या तपशिलासोबत संगणकाच्या सर्व्हरविषयी एक लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु अहवालवर्षात घडलेली एक घटना आणि त्यानंतर विश्वस्त मंडळाने घेतलेला निर्णय यांची माहिती देणगीदारांस व रुग्णांस असावी, असे मंडळाचे मत पडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रावणातील एका रविवारी सकाळी आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांचा कार्यालयात दूरध्वनी आला. वडिलांच्या स्मृतिदिनी दरवर्षीप्रमाणे देणगी देण्यासाठी त्यांनी मोबाइलवर रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले, तर समोर जुगाराची जाहिरात आली. कार्यालयातील संगणकावर मात्र तेच पान व्यवस्थित दिसत होते. सबब ‘आपल्या मोबाइलमध्येच काही दोष असावा’ असे आम्ही त्यांना सांगितले. हे आमचे चुकले. शोधयंत्रावरून किंवा मोबाइलवरून येणाऱ्या वाचकास परस्पर दुसरीकडे वळवावयाचे आणि थेट पत्ता टाइप करणाऱ्या मालकास मूळ पान दाखवावयाचे, ही अशा घुसखोरीतील नेहमीची युक्ती आहे, हे आम्हांस त्या दिवशी दुपारनंतर कळले.

चोर शिरला तो छायाचित्रांचे दालन दाखविणाऱ्या एका लहानशा प्लगइनमधून. त्यातील त्रुटी जाहीर होऊन व तिची दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध होऊन अकरा महिने लोटले होते. आपल्या सर्व्हरवर ती कोणी बसविलीच नव्हती. जाहिरातीचे पान काढून टाकण्यास एक दिवस लागला. खरी चिंता निराळीच होती. रुग्णांना रक्त-लघवी तपासणीचे अहवाल घरबसल्या पाहता यावेत यासाठीची सोय त्याच सर्व्हरवर होती. ते अहवाल कोणी पाहिले किंवा उतरवून घेतले काय, याचे उत्तर सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, सापडावयास हवे होते. पण त्या नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जात. घुसखोरी त्यापूर्वीची होती. त्यामुळे काहीही गेले नाही, असे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या सोयीचा लाभ घेतलेल्या सर्व रुग्णांस आम्ही पत्राने हे असेच कळविले आहे.

संकेतस्थळ ही एकसंध वस्तू नसून एकावर एक रचलेले थर असतात, हे येथे सांगणे अवश्य आहे. तळाशी कार्यकारी प्रणाली, बहुधा लिनक्सचा एखादा प्रकार. तिच्यावर पाने पाठविणारा वेब सर्व्हर, म्हणजे अपाचे किंवा एन्जिनएक्स. त्यावर पीएचपीसारखी भाषा व माहिती साठविणारे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. त्याहून वर वर्डप्रेससारखी मांडणीची प्रणाली आणि सर्वांत वर तिची प्लगइन्स. यांतील प्रत्येक थर निराळ्या मंडळींनी लिहिलेला असतो, प्रत्येकाच्या दुरुस्त्या निराळ्या वेळी येतात, आणि एका थराची हयगय बाकीच्यांची सावधगिरी फुकट घालविते.

‘हे सारे होस्टिंग देणारी कंपनी पाहत नाही काय?’ हा प्रश्न मंडळाच्या सभेत विचारला गेला, आणि तो रास्तच होता. अनेक ग्राहकांत वाटलेल्या सामायिक होस्टिंगमध्ये खालचे थर कंपनी पाहते. वर्डप्रेस व प्लगइन्स मात्र ग्राहकाची जबाबदारी असते. स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला व देखभालीचा वेगळा करार केला नाही, तर तळापासून कळसापर्यंत सारे ग्राहकाचेच. आपण दुसऱ्या प्रकारात होतो आणि पहिल्या प्रकारात आहोत अशा समजुतीने चार वर्षे निश्चिंत होतो. करारपत्र कपाटात होते. ते कोणी वाचले नव्हते, प्रस्तुत लेखकानेही नाही.

तथापि केवळ आळस हे कारण सांगणे अन्यायाचे होईल. तपासणी अहवालांचा प्रोग्रॅम फार पूर्वी एका स्वयंसेवकाने प्रेमाने व विनामोबदला लिहून दिला होता. तो पीएचपीच्या ५.६ या आवृत्तीवरच चाले. नवी आवृत्ती बसविली की तो बंद पडे. म्हणून दर वेळी ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ असे ठरत गेले. या आवृत्तीस निर्मात्यांकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ३१ डिसेंबर २०१८ रोजीच थांबले होते. तळाची प्रणाली होती सेंटओएस ७; तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपलेले औषध आपल्या औषध विभागात एक दिवस ठेवले जात नाही. बाटलीवर तारीख छापलेली असते व ती पाहणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. सर्व्हरवरील तारखा पाहणे हे कोणाचेच काम नव्हते.

दुरुस्ती येणे व ती बसविणे यांमधील अवधीतच बहुतेक अनर्थ घडतात. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दोष नेमका कोठे होता हे हल्लेखोरांनाही तीवरूनच कळते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या प्रणालीतील एक गंभीर दोष दुरुस्तीसह जाहीर झाला. पुढे त्याच मंडळींनी सांगितले की, घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसविली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे. प्रत्येक वेळी इतकी निकड नसते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील विंडोज संगणक गाठले, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती येऊन ५९ दिवस झाले होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ ट्रस्टपैकी सुमारे ८० ट्रस्टना त्याची झळ लागली आणि रुग्णांच्या ठरलेल्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षकांच्या अहवालात नमूद झाला. दुरुस्ती बसविण्याच्या सूचना रुग्णालयांना मार्च व एप्रिलमध्ये गेलेल्या होत्या. ते संकेतस्थळांवरील आक्रमण नव्हते हे खरे, परंतु रुग्णालय किती सहज ठप्प होते ते त्यातून दिसले.

आपल्याकडील उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली व नोंदणीपासून बिलापर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. जाळ्याची योग्य विभागणी नव्हती, हे कारण शासनाने संसदेत सांगितले. संसर्गजन्य रुग्णांचा कक्ष आपण वेगळा ठेवतो त्यातलाच हा प्रकार. आपल्या येथे छायाचित्रांचे दालन व रुग्णांचे अहवाल एकाच खोलीत नांदत होते. आता अहवालांची सोय स्वतंत्र सर्व्हरवर नेली असून तिचा प्रोग्रॅम नव्याने लिहून घेतला आहे. जुना प्रोग्रॅम देणाऱ्या स्वयंसेवकांनीच त्यास साहाय्य केले, ही नमूद करण्याजोगी बाब.

काम हाती घेतल्यावर दोन गोष्टी नव्याने समजल्या. पहिली अशी की, आवृत्तीचा क्रमांक फसवा असतो. रेड हॅटसारख्या प्रणालींत नव्या दुरुस्त्या जुन्या क्रमांकाच्या आवृत्तीतच आणून बसवितात. म्हणून क्रमांक जुना दिसला तरी दोष दूर झालेला असू शकतो. खात्री दुरुस्त्यांच्या नोंदवहीतूनच करावी लागते. दुसरी गोष्ट, दुरुस्ती बसविणे म्हणजे ती लागू होणे नव्हे. चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतील जुनीच प्रत वापरीत राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि प्रणालीचा गाभा बदलल्यास बहुधा सर्व्हरच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा एवढ्यानेही भागले नव्हते. गुप्त किल्ल्या फुटल्या असण्याची शक्यता असल्याने त्या व प्रमाणपत्रेही बदलावी लागली.

आता थोडे खर्चाविषयी. डायलिसिस यंत्रास देणगी दिली की त्यावर कै. मातोश्रींच्या नावाची पाटी लागते, आणि ती लागावीच. सर्व्हरच्या देखभालीवर पाटी लावण्यास जागा नाही. त्यामुळे आजवर या कामासाठी कोणी देणगी दिली नाही व आम्हीही मागितली नाही. आगामी अंदाजपत्रकात प्रथमच याकरिता स्वतंत्र शीर्ष उघडले असून, एका कर्मचाऱ्यावर हे काम लेखी आदेशाने सोपविले आहे. प्रत्येक दुरुस्ती आधी संकेतस्थळाच्या चाचणी-प्रतीवर बसवून पाहिली जाते, मग खऱ्या सर्व्हरवर. बॅकअपची प्रत दुसऱ्या ठिकाणी राहते आणि दर तिमाहीस ती उलगडून संकेतस्थळ खरोखर उभे राहते काय, हे पाहिले जाते. पहिल्या खेपेस ते उभे राहिले नाही. देणगीदारांची यादीच प्रतीत आली नव्हती. दुसऱ्या खेपेस राहिले.

नोंदी आता १८० दिवस जपल्या जातात. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तसे बंधन आहेच. शिवाय अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचेही आहे. आम्ही ती तिसऱ्या दिवशी कळविली होती.

नियमित दुरुस्त्यांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री ११ ते १ या वेळेत संकेतस्थळ व अहवालांची सोय बंद राहील. त्या वेळेत तातडीने अहवाल हवा असल्यास अपघात विभागातील नोंदणी खिडकीवर केसपेपर दाखवून छापील प्रत मिळू शकेल. आणि संकेतस्थळावर काही विपरीत आढळल्यास आपण कार्यालयास अवश्य दूरध्वनी करावा. मोबाइलचा दोष काढला जाणार नाही.