गणितात मागे पडलेली मुले : उशीर झाला आहे काय?

“फादर, मुलगा नववीत गेला, क्लासही लावला, तरी गणितात मागेच. आता उशीर झाला का?” भायखळ्यातील पालक आम्हांस हा प्रश्न वारंवार विचारतात. उशीर झालेला नाही. मात्र उपचार चुकीच्या इयत्तेवर चालला आहे, असे आम्हांस वाटते.

नववीचे बीजगणित बहुधा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपाशी अडलेले असते. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, असे विचारून पाहा. पुष्कळ मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून ३/७ लिहितात. भरलेल्या वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि पुढचे उदाहरण सुरू होते. चार-पाच मुलांच्या गटात मात्र शिक्षकाला विचारता येते, “बाळा, हे कसे काढलेस?” मग बारा पावांची लादी समोर ठेवावी. तिचे दोन तृतीयांश म्हणजे आठ पाव, एक चतुर्थांश म्हणजे तीन. एकूण अकरा, अर्थात ११/१२. आणि ३/७ तर अर्ध्याहूनही कमी! आठ पावांत भर घातल्यावर ते घटले कसे, हे मुलाच्या स्वतःच्याच ध्यानात आले की निम्मे काम झाले. (पाव मागाहून खाण्यास हरकत नाही.)

आपल्याच मुंबईत ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबविला. वस्तीतील शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. वर्गात उरलेल्या मुलांना मात्र केवळ गर्दी कमी झाल्याने विशेष लाभ झाला नाही. म्हणजे संख्या घटविणे पुरेसे नाही, मूल जेथे अडले तेथून आरंभ करावा लागतो.

ती मुले लहान होती, असे कोणी म्हणेल. परंतु शिकागोत नववी-दहावीच्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक, रोज, शाळेच्या वेळेतच, असा प्रयोग झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांचेही गणिताचे गुण वाढले. मार्गदर्शक बहुतांशी प्रशिक्षित शिक्षक नव्हते.

तेव्हा सभागृहात चाळीस मुले बसवून घेतलेला मोफत वर्ग हा शेवटी क्लासच होय. त्याऐवजी महाविद्यालयीन तरुणांनी प्रत्येकी चार मुले घ्यावीत. पहिले दोन महिने पालकांनी चाचणीचे गुण विचारू नयेत. आणखी एक : नववीच्या मुलाला सहावीचे पुस्तक मित्रांदेखत उघडण्याचा संकोच वाटतो. त्याला तपकिरी कागदाचे कव्हर घालून द्यावे.