मासा ओळखावा तोंडावरून

मासळीबाजारात आपण ‘रोहू आहे का?’ असं विचारतो आणि विक्रेता ‘आहे’ म्हणाला की पिशवी पुढे करतो. तो रोहूच आहे की त्याचा भाऊबंद, हे पाहण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. खाणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. पण गावतलावात किंवा शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्याचं मात्र वर्ष वाया जाऊ शकतं. म्हणून आज या ओळखीविषयी बोलायचं आहे.

आपला यावल तालुका सातपुडा आणि तापी यांच्या मधला. इकडे मोर धरण, तिकडे तापीचं पात्र, वरच्या अंगाला हतनूरचा जलाशय. तरीही आपल्या बाजारात ज्यांची नावं आधी ऐकू येतात ते कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे मूळचे तापीचे नव्हेत. ते उत्तरेतल्या गंगेच्या खोऱ्यातले. लवकर वाढतात म्हणून माणसानं ते देशभरच्या तळ्यांत आणि धरणांत नेले. तिघेही कार्प कुळातले, तिघांच्याही अंगावर खवले, त्यामुळे लहानपणी एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे दिसतात.

रंगावर विसंबू नका. गढूळ पाण्यातला मासा फिका दिसतो, नितळ पाण्यातला गडद. आकारही वयाप्रमाणे बदलतो. मी सांगेन, आधी तोंड पाहा.

कटल्याचं डोकं अंगाच्या मानानं भलं मोठं. तोंड रुंद आणि आकाशाकडे वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. त्याला मिशा नसतात. रोहूचं डोकं लहान, तोंड किंचित खाली झुकलेलं, आणि ओठ जाड, झालरीसारखे. खवल्यांवर बहुधा तांबूस झाक. मृगळ लांबट, सडपातळ आणि चंदेरी. त्याचं तोंड रुंद पण खालच्या बाजूला, ओठ पातळ, मिशा अगदी आखूड.

हे फरक निसर्गानं उगाच ठेवलेले नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो, म्हणून त्याचं तोंड वर. रोहू मधल्या थरात चरतो, शेवाळ आणि वनस्पती ओठांनी खरवडतो. मृगळ तळाशी कुजलेला पालापाचोळा खातो, म्हणून त्याचं तोंड खाली. एकाच तळ्यात तिघे सुखानं नांदतात ते यामुळेच. मिश्र मत्स्यशेतीत दहा बोटुकल्यांमागे चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असं प्रमाण साधारणपणे सांगितलं जातं. आता समजा, तिघांऐवजी सगळे मृगळच आले, तर तळाशी खाण्यासाठी झोंबाझोंबी आणि वरचं अन्न तसंच पडून. मासे जगतात, पण अंग धरत नाहीत.

पूर्वी हे बी पावसाळ्यात नद्यांतून गोळा करत. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. नदीतल्या बियात दुसऱ्या माशांना खाणाऱ्या जातींचीही पिल्लं मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून शुद्ध बियाची वाट मोकळी झाली. मात्र बीजकेंद्रात काळजी घेतली नाही तर तिथेही जातींचा संकर होतो आणि अधल्यामधल्या तोंडाची पिल्लं निघतात.

बोटभर पिल्लांतही खुणा सापडतात. मोठं डोकं कटल्याचं. शेपटीच्या मुळाशी ठसठशीत त्रिकोणी काळा ठिपका मृगळाचा. झालरीचे ओठ रोहूचे. तोंड वर वळलेलं, पण खवले अगदी बारीक आणि डोळे खाली सरकलेले, तर तो कटला नव्हे, सिल्व्हर कार्प. तो कटल्याच्याच अन्नावर डल्ला मारतो. मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवरचा पर लांबलचक असेल, तर तो सायप्रिनस.

एका माशाच्या बाबतीत मात्र खाणाऱ्यानंही डोळे उघडे ठेवावेत. तो म्हणजे मांगूर. देशी मांगूर साधारण वीतभर ते हातभर. आफ्रिकन मांगूर मीटरभराहूनही लांब वाढतो. दोघांना खवले नाहीत आणि मिशांच्या चार-चार जोड्या, त्यामुळे लहान असताना फसगत होते. अशा वेळी डोक्याच्या कवटीचं मागचं टोक बोटानं चाचपावं. देशीचं गोलसर लागतं, आफ्रिकनचं कोनदार. त्याच्या डोक्याच्या खालच्या बाजूला काळपट पट्टेही असतात. हा खादाड मासा नदीत शिरला तर तिथल्या माशांचा फडशा पाडतो, म्हणून आपल्या देशात त्याच्या संवर्धनावर बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले.

तेव्हा बीज घेताना नुसती मोजणी करून पिशवी बांधू नका. पसरट पांढऱ्या भांड्यात थोडं पाणी घ्या, वेगवेगळ्या पिशव्यांतली दहा-वीस पिल्लं त्यात सोडा आणि प्रत्येकाचं तोंड पाहा. वर, समोर, खाली. पाच मिनिटांचं काम आहे, पण वर्षभराचं पीक त्यावर ठरतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)