प्रेमकथेत घराच्या किल्ल्या कोणाकडे?

प्रेमकथा म्हटली की आपल्याला आठवतात नायक, नायिका आणि त्यांच्या आड येणारी माणसे. पण अनेक गाजलेल्या कादंबऱ्यांत खरी सूत्रे हलवते ते घर. कोण कोणाच्या छपराखाली राहते, यावर मान कोणी तुकवायची हे ठरते.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेट कुटुंबात पाच मुली, भाऊ नाही. वडिलांच्या पश्चात राहते घर कॉलिन्स या दूरच्या भाऊबंदाकडे जाणार. हाच कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो. होकार दिला तर आई-बहिणींचे छप्पर टिकेल. तरीही ती नकार देते. लगेच तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच माणसाशी लग्न ठरवते. तिला प्रेमापेक्षा हक्काचे घर हवे असते.

शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७) याच्या पुढे जाते. जेन वर्षाला ३० पौंड पगारावर रोचेस्टरच्या वाड्यात राहून एका मुलीला शिकवते. दोघे प्रेमात पडतात, पण घर त्याचे, पगार त्याचा आणि माळ्यावर कोंडून ठेवलेली पहिली बायकोही त्याचीच. हे गुपित ऐन लग्नाच्या वेळी फुटते आणि जेन घर सोडते. पुढे तिला काकांचे २०,००० पौंड मिळतात. तीन भावंडांना वाटा देऊन ती ५,००० स्वतःकडे ठेवते. ती परतते तेव्हा वाडा जळालेला, रोचेस्टर आंधळा झालेला. तुम्ही ठेवून घेतले नाहीत, तर तुमच्या दाराशेजारी माझे घर बांधीन, असे ती त्याला सांगते. आता ती आश्रित नसते. मात्र त्या काळी इंग्लंडात लग्न होताच बायकोचा पैसा नवऱ्याचा होई. विवाहितेची मालमत्ता तिचीच राहील असा कायदा व्हायला १८८२ साल उजाडले.

डॅफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’त (१९३८) नायिकेला नावसुद्धा नाही. हिंदी ‘कोहरा’ (१९६४) याच कथेवर बेतलेला. नायिका श्रीमंताची दुसरी बायको होऊन हवेलीत येते, पण सत्ता चालते ती पहिलीच्या आठवणींची आणि जुन्या कारभारणीची. हातून चिनी मातीची मूर्ती फुटते, तेव्हा मालकीण असूनही ती तुकडे खणात लपवते. नवऱ्याच्या मनातले खरे कळल्यावरच ती कारभारणीला हुकूम सोडू लागते.

सासरी पहिल्या दिवसांत कपबशी फुटली म्हणून धास्तावलेल्या मुलींना ही भीती परकी वाटणार नाही. आपल्याकडे २००५च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. पण वेळ कायद्यापर्यंत येऊच कशाला द्यायची? लग्न ठरवताना पत्रिका, पगार, मानपान यांवर तासन्‌तास बोलणी होतात. राहायचे कुठे, कोणाबरोबर आणि घर कोणाच्या नावावर, हेही मुलामुलीने आधीच मोकळेपणी बोलून घ्यावे.