शाळेचे ग्रंथालय आणि कुटुंब

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तकेही त्यात अभिप्रेत आहेत. तत्पूर्वी १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतूनही प्राथमिक शाळांना पुस्तके मिळाली होती. तथापि अनेक ठिकाणी ती कपाटातच राहिली. कारण उघड आहे. जडवस्तू नोंदवहीत चढलेले पुस्तक हरवल्यास भरपाई कोणी करावयाची, ही धास्ती शिक्षकास असते. आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

घरी गेलेले पुस्तक मात्र एकट्या विद्यार्थ्याचे राहत नाही. तिसरीतील मुलगी मोठ्याने वाचू लागली की आजी ऐकते, धाकटे भावंड चित्रे पाहते, शाळा अर्ध्यावर सुटलेली आई पुन्हा अक्षरे जुळवू लागते. सार्वजनिक ग्रंथालय नसलेल्या वस्तीवर शाळेचे कपाट हेच सर्वांचे ग्रंथालय होय.

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. देवघेवीची जबाबदारी या समितीने ठराव करून स्वीकारावी, नोंद पालकाच्या नावे ठेवावी आणि वापराने जीर्ण झालेली पुस्तके रीतसर निर्लेखित करण्याबाबत शिफारस करावी. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर कपाट पालकांसाठी उघडे असावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास निघताना चार पुस्तके द्यावीत. परतीची तारीख हंगामानंतरची टाकावी.