ईरी सरोवरावरचा पैसा वाया गेला?

सरोवरांच्या पुनरुज्जीवनासाठी सरकारने निधी द्यावा, असं म्हटलं की एक दाखला हमखास तोंडावर फेकला जातो: अमेरिकेने ईरी सरोवरावर एवढे डॉलर ओतले, तरी ते शेवाळाने पुन्हा हिरवं झालंच ना? हा दाखला अर्धवट आहे आणि तो पुन्हापुन्हा ऐकून वैताग येतो. ईरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ सरोवर. सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. १९६०च्या दशकात शहरांचं सांडपाणी आणि फॉस्फेटयुक्त डिटर्जंट यांच्यामुळे त्यात शेवाळ पोसणारा फॉस्फरस वर्षाला २५ हजार टनांहून अधिक जात होता. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात करार झाला, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर प्रचंड सरकारी खर्च झाला, डिटर्जंटवर बंधनं आली. वर्षाला ११ हजार टनांची मर्यादा १९८०च्या दशकात गाठली गेली आणि सरोवर सुधारलं. ज्या कामासाठी तो पैसा दिला होता, ते काम झालं.

मग पाणी पुन्हा हिरवं का झालं? कारण या वेळचा फॉस्फरस वेगळ्या वाटेने आला. ओहायोतलं हायडेलबर्ग विद्यापीठ १९७५ पासून ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीचं पाणी तपासत आलं आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून या नदीत विरघळलेल्या फॉस्फरसचं प्रमाण वाढत गेल्याचं त्या नोंदी दाखवतात. हा फॉस्फरस मुख्यत्वे शेतातल्या खतांचा आणि गुरांच्या शेणामुताचा. जमिनीखाली टाकलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून तो थेट ओढ्यात उतरतो. कारखान्याला आणि नगरपालिकेला सांडपाणी सोडण्यासाठी परवाना लागतो. शेतातून वाहून येणारं पावसाचं पाणी मात्र अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याने परवान्यातून वगळलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो परिसरातल्या चार लाखांवर लोकांना शेवाळाच्या विषामुळे नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं, त्याची मुळं या सवलतीपर्यंत जातात. शुद्धीकरण केंद्रांवरच्या खर्चाला त्याबद्दल दोष देणं चूक आहे. ती केंद्रं नसती, तर दोन्ही वाटांनी येणारा फॉस्फरस एकत्र साचला असता.

यावर कुणी म्हणेल, मग कायदा कडक करा, निधी कशाला? कायद्याने उद्याची घाण अडेल, पण तळाशी बसलेल्या विषारी गाळाचं काय? तो गाळ टाकणारे कित्येक कारखाने कधीच बंद पडले; आता वसुली कोणाकडून करणार? तिथे सार्वजनिक पैशाला पर्याय नाही, आणि त्याचा परिणाम मोजताही येतो. महासरोवरांवर अमेरिकेच्या वाट्याला ३१ अतिप्रदूषित ठिकाणं होती. २०१० पर्यंत त्यांतलं एकच, ऑस्वेगो नदीचं, यादीतून निघालं होतं. त्या वर्षी ४७.५ कोटी डॉलरची केंद्रीय पुनरुज्जीवन योजना आली; २०१३ मध्ये प्रेस्क आइल उपसागर, २०१४ मध्ये डीअर लेक आणि व्हाइट लेक यादीबाहेर पडले, आणि पुढेही हे काम सुरू राहिलं. मिशिगन विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासानुसार २०१० ते २०१६ या काळात या योजनेवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे २०३६ पर्यंत ३.३५ डॉलरचं जादा आर्थिक उत्पादन होईल. हा अंदाज आहे, हे खरं. पण ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांकडे तेवढाही हिशेब नसतो.

इतर गैरसमज थोडक्यात. मोठं सरोवर आपोआप स्वच्छ होतं, हे खरं नाही: ईरीचं पाणी बदलायला अडीच-तीन वर्षं लागतात, सुपीरियरचं बदलायला सुमारे १९०. पाणी उकळलं की शेवाळाचं विष जातं, हा समज तर धोकादायक आहे. उकळल्याने मायक्रोसिस्टिन हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. आणि गाळ काढून काठ सुशोभित केले की तलाव सुधारला, हा आपल्याकडचा लाडका समज. २००१च्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवई आणि रंकाळा दोन्ही होते, आणि सांडपाणी अडवून वळवणं हा त्या योजनेचाच भाग होता. तरीही देशभरातल्या सरोवरांचं संवर्धन साधण्यात ही योजना निष्प्रभ ठरल्याचं कॅगने २०११-१२च्या जलप्रदूषणावरील अहवालात नोंदवलं. त्यामुळे निधी जाहीर झाला की आकड्याच्या आधी विचारायला हवं, की तलावात उतरणारे किती नाले त्यातून बंद होणार आहेत.